कंजूष मालक बरा

माकुणसारच्या एखाद्या पोराला मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा घरचा सामना बघायचा असेल तर त्याचा सगळा दिवस त्यातच जातो. सफाळे किंवा केळवे रोडला येऊन डहाणू–चर्चगेट लोकल पकडायची, विरारला डबा भरायच्या आत नीट जागा धरायची, अंधेरीला उतरून मेट्रोने आझाद नगर गाठायचं आणि तिथून चालत अंधेरी क्रीडासंकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनात पोचायचं. सामना साडेसातला सुरू झाला तर शेवटची शिट्टी वाजेपर्यंत साडेनऊ होतात. विरारपर्यंत गाड्या मिळतात, पण त्यापुढे डहाणूकडे जाणाऱ्या मोजक्याच. एक चुकली की फलाटावर डास मारत बसायचं. एप्रिल २०१३मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली, म्हणून निदान एवढं तरी जमतं.

एवढी यातायात करून, तिकिटाचे दोन-तीनशे रुपये मोजून बसलेला हा प्रेक्षक संघ हरला की मालकाच्या नावाने बोटं मोडतो. पैसा सोडत नाही, चांगला स्ट्रायकर घेत नाही, प्रशिक्षक स्वस्तातला आणला, अशी सगळी यादी तोंडपाठ असते. पालघरच्या किनारपट्टीवर गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या लीगमध्येही आता खेळाडूंचे लिलाव होतात, टी-शर्टावर संघमालकाचं नाव छापलेलं असतं आणि उपांत्य फेरीत गाशा गुंडाळावा लागला की पारावर त्या मालकाचा यथास्थित उद्धार होतो. हात आखडणारा मालक हा जगभरच्या चाहत्यांचा आवडता खलनायक आहे.

महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा हिशेब मांडला, तर मात्र या रागाची दिशा चुकलेली दिसते. इथले क्लब कंजुषीने फारसे मेले नाहीत. मुंबई-पुण्यात जे बंद पडले त्यांतल्या बहुतेकांचे मालक सढळ हाताचे होते आणि चाहत्यांमध्ये बऱ्यापैकी लोकप्रियही. पैसा येत होता तोवर तो कुठून येतो हे कुणी विचारलं नाही. तो थांबला तेव्हा विचारायला क्लबच उरला नव्हता.

हा इतिहास एकाच माणसाच्या चरित्रातून वाचता येतो. ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झालेले खालिद जमील मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मग एअर इंडियाकडून, मग पुन्हा महिंद्राकडून. २००७मध्ये ते नव्यानेच निघालेल्या मुंबई एफसीत आले आणि दोन वर्षांनी तिथेच प्रशिक्षक झाले. या तीन क्लबांपैकी एकही आज देशाच्या वरच्या स्पर्धांत नाही.

महिंद्राचा संघ १९६२चा, म्हणजे मुंबईतल्या कंपनी-संघांच्या सुवर्णकाळातला. त्या काळी मफतलाल, टाटा, रेल्वे, पोलीस अशा सगळ्यांचे संघ कूपरेजवर भिडायचे. खेळाडूला नोकरी मिळायची, कंपनीला नाव मिळायचं आणि संघाचा खर्च कामगार कल्याणाच्या किंवा जाहिरातीच्या खात्यात टाकला जायचा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तीन ड्युरँड आणि दोन फेडरेशन कप त्यांच्या कपाटात होते. २०१०मध्ये कंपनीने जाहीर केलं, की वरिष्ठ संघ बंद आणि यापुढचा पैसा शालेय मुलांच्या फुटबॉलवर. कंपनी तोट्यात नव्हती, संघही रडतखडत चाललेला नव्हता. प्राधान्यक्रम बदलला, इतकंच. तो बदलायला प्रेक्षकांना विचारावं लागतं असा नियम नव्हता आणि आजही नाही. एअर इंडियाचं निमित्त वेगळं होतं: २०१३मध्ये परवान्याचे नवे निकष पूर्ण होत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन्ही संघ राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगबाहेर गेले. सरकारी कंपनीचा संघ म्हणजे स्वतंत्र कंपनी नव्हे, आणि आशियाई महासंघाला क्लब स्वतंत्र कंपनी म्हणून हवा होता.

मुंबई एफसी हा एस्सेल समूहाचा क्लब. चाहत्यांच्या कंजूष मालकाच्या व्याख्येत चपखल बसणारा. संघ बेताच्या पैशांत चालायचा, मोठी नावं क्वचित यायची आणि खेळ असा बचावात्मक की पिवळ्या जर्सीतले निष्ठावंतही कधी कधी जांभया द्यायचे. खालिद जमील यांनी २००९ ते २०१६ अशी सात वर्षं हा संघ त्याच तुटपुंज्या सामग्रीवर वरच्या श्रेणीत टिकवून ठेवला. अखेर व्यवस्थापनाला काहीतरी झळाळतं करून दाखवायची इच्छा झाली आणि जमील यांना नारळ मिळाला. ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेले. हा क्लब आदल्याच वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे परत आत आला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून त्यांनी आय-लीगच जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला, खालच्या श्रेणीत घसरला आणि मालकांनी संघ बंद केला. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी: बेताच्या खर्चात चाललेला हा क्लब दहा वर्षं जगला. एवढं आयुष्य पुण्याच्या चार क्लबांतल्या कुणाच्याच व्यावसायिक कारकिर्दीला लाभलं नाही.

पुण्याची कहाणी जास्त रंगीत आहे, आणि जास्त वाईटही.

अशोक पिरामल समूहाने २००७मध्ये पुणे एफसी काढला. २०१२-१३मध्ये हा संघ आय-लीगचा उपविजेता होता आणि त्याची अकादमी देशातल्या सर्वोत्तमांपैकी होती. बालेवाडीचं मैदान शहरापासून लांब, तरी चिकाटीने येणारा प्रेक्षक त्यांनी मिळवला होता. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, सगळा झोत तिकडे वळला आणि २०१५मध्ये पिरामल समूहाने वरिष्ठ संघ थांबवला. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आला. थेट प्रवेश मिळालेला, इंग्लिश प्रशिक्षक असलेला हा संघ एक हंगाम खेळला, शेवटचा आला आणि निघून गेला. लग्नाला येऊन जेवणाआधी उठणाऱ्या पाहुण्यासारखा हा क्लब होता. जर्सी विकत घेतलेल्यांना ती दुसऱ्यांदा घालायची वेळच आली नाही.

तिसरा डीएसके शिवाजीयन्स. मूळचा शिवाजीयन्स क्लब १९८७चा. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाने तो हाती घेतला, लिव्हरपूल क्लबशी जोडलेली अकादमी उभारली आणि २०१५-१६पासून संघ आय-लीगमध्ये उतरला. मराठी मध्यमवर्गात 'डीएसके' या तीन अक्षरांना तेव्हा केवढं वजन होतं, हे पुणे-मुंबईच्या कुठल्याही निवृत्त माणसाला विचारावं. सुरक्षित म्हणून लोक मुदत ठेवी त्यांच्याकडे ठेवत होते. २०१७च्या हंगामानंतर संघ मैदानात दिसला नाही. त्याच वर्षी ठेवी परत मिळत नसल्याच्या तक्रारींवरून गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये फसवणुकीच्या आरोपांखाली कुलकर्णींना अटक झाली. ठेवीदारांच्या त्या गदारोळात फुटबॉल संघाची आठवण कुणाला होणार?

चौथा एफसी पुणे सिटी, आणि तोच या प्रकरणाचा गाभा.

वाधवान समूहाचा पैसा, सोबत चित्रपटसृष्टीतले चेहरे: आधी हृतिक रोशन, मग अर्जुन कपूर. पहिल्याच वर्षी विश्वविजेत्या फ्रान्स संघातला डेव्हिड त्रेझेगे बालेवाडीत उतरला. पुढच्या वर्षी आद्रियान मुतू आला. प्रशिक्षक तर दरवर्षी नवा: कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अँटोनियो हबास, रांको पोपोविच. २०१७-१८मध्ये मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो या जोडीने धमाल उडवली आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. बंगळुरूने तिथे रोखलं, पण 'ऑरेंज आर्मी' म्हणवणाऱ्या चाहत्यांना पुढच्या वर्षी करंडक दिसत होता.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. समूहाची मुख्य कंपनी म्हणजे डीएचएफएल, दिवाण हाउसिंग फायनान्स. शहरांच्या कडेला, विरार-बोईसरसारख्या पट्ट्यांत घर घेणाऱ्या मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना कर्ज देण्याच्या धंद्यात ती मोठी झाली होती. सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था हप्ते थकवू लागली आणि अशा सगळ्याच कंपन्यांना बाजारातून मिळणारा पैसा आटला. २१ सप्टेंबरला डीएचएफएलचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. पुणे सिटीचा त्या हंगामातला पहिला सामना जेमतेम दोन आठवड्यांवर होता. सुरुवातीचे तीन सामने जिंकता आले नाहीत, प्रशिक्षक मिगेल पोर्तुगाल यांना काढलं आणि प्रेक्षकांनी प्रशिक्षक, बचावफळी, रेफरी या सगळ्यांना शिव्या घातल्या. संघ सातवा आला. मैदानावर जे दिसत होतं त्यावरच राग निघत होता. शेअर बाजारात जे घडत होतं त्याची झळ क्लबला कधी आणि कशी बसेल, हे गॅलरीत बसलेल्याला कळायला मार्ग नव्हता.

जून २०१९मध्ये डीएचएफएलने रोख्यांचे पैसे वेळेवर दिले नाहीत. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ऑगस्टमध्ये कळलं, की एफसी पुणे सिटी आता नाही आणि त्याची लीगमधली जागा हैदराबाद एफसी नावाच्या नव्या क्लबला मिळाली आहे. बरेच खेळाडूही तिकडे गेले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं. दिवाळखोरी संहितेखाली न्यायाधिकरणात गेलेली ती देशातली पहिली वित्तकंपनी. सत्त्याऐंशी हजार कोटींच्या घरातले दावे दाखल झाले. २०२१मध्ये अजय पिरामल यांच्या समूहाने सुमारे ३४,२५० कोटींना ती विकत घेतली. पुणे एफसी ज्यांचा होता तो अशोक पिरामल समूह आणि हा समूह वेगवेगळे, पण घराणं एकच. दोन लाखांहून जास्त मुदत ठेव असलेल्यांच्या हाती दाव्याचा पाव हिस्साही पडला नाही.

वाधवान हे नाव पालघर जिल्ह्याला फुटबॉलमुळे माहीत नाही. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेची एचडीआयएल ही कंपनी वसई-विरारमध्ये इमारतींमागून इमारती उभारत होती आणि पीएमसी बँकेचं मोठं कर्ज तिच्याकडे अडकलेलं होतं. क्लब बंद पडल्यावर महिन्याभरातच, सप्टेंबर २०१९मध्ये, पीएमसीवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला सगळे मिळून एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली. बँकेच्या दारात रडणारी म्हातारी माणसं तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर दिसली. एचडीआयएल आणि डीएचएफएल या वेगळ्या कंपन्या होत्या, त्यांची प्रकरणंही वेगळी, आणि क्लबचा त्यांत काही दोष होता असं म्हणायला जागा नाही. क्लब हा फांदीवरचा शेवटचा पक्षी होता. फांदी कुठे किडली होती हे त्याला वरून दिसणार नव्हतं.

असं का होतं ते आकड्यांत बघू. मुंबई फुटबॉल अरेनात सात-आठ हजार लोक मावतात. समजा सात हजारांनी सरासरी तीनशेचं तिकीट काढलं आणि घरचे दहा सामने फुल्ल गेले. जमा झाले दोन कोटी दहा लाख. सुपर लीगच्या २०२०-२१च्या हंगामात खेळाडूंच्या पगारावरची मर्यादाच साडेसोळा कोटींची होती. त्यावर फ्रँचायझी फी, विमानाची तिकिटं, हॉटेलं, मैदानाचं भाडं, परदेशी प्रशिक्षक, अकादमी. प्रायोजक आणि लीगकडून येणारा वाटा धरूनही खड्डा भरत नाही. तो दरवर्षी मालक आपल्या दुसऱ्या धंद्यातून भरतो. गृहकर्ज, बांधकाम, खाणी, सिमेंट, वीज, काहीही. त्यामुळे आपला क्लब किती सुरक्षित आहे हे जाणून घ्यायचं असेल तर गुणतक्त्याऐवजी त्या दुसऱ्या धंद्याची प्रकृती बघावी लागते. मँचेस्टर युनायटेडला २०२३-२४मध्ये नुसत्या सामन्यांच्या दिवशीच्या उत्पन्नातून १३.७ कोटी पौंड मिळाले, एकूण उत्पन्नाचा साधारण पाचवा भाग. तिथला प्रेक्षक खरोखर क्लब पोसतो. आपल्याकडचा प्रेक्षक मालकाच्या खर्चावर सामना बघत असतो. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण हिशेब तसाच आहे.

मँचेस्टरचा उल्लेख झालाच आहे तर ग्लेझर कुटुंबाकडे वळू. नावडत्या मालकांच्या यादीत त्यांचं स्थान वरचं आहे. २००५मध्ये त्यांनी सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि ते कर्ज त्यांनी क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. तोवर युनायटेडवर कर्ज नव्हतं. बोईसरच्या भाषेत सांगायचं तर गाळा कर्जाने विकत घ्यायचा आणि त्याच गाळ्याच्या गल्ल्यातून हप्ते फेडायचे, असा हा व्यवहार. संतापलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. २०१०मध्ये स्टेडियम हिरव्या-सोनेरी मफलरींनी भरून गेलं. क्लबचा मूळ अवतार असलेल्या न्यूटन हीथचे ते रंग. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहॅमनेही सामन्यानंतर ती मफलर गळ्यात घातली. मे २०२१मध्ये चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. एवढं होऊनही ग्लेझर आहेत. २०२४मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २८ टक्के हिस्सा घेतला, बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं. आणि ज्या काळात त्यांचे पुतळे जाळण्याइतका राग होता, त्याच काळात संघाने पाच प्रीमियर लीग आणि एक चॅम्पियन्स लीग जिंकली, हेही खरं. ग्लेझरांनी क्लब पिळून काढला असं चाहते म्हणतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. पण पिळायला क्लब शिल्लक आहे.

इंग्लंडमध्ये सगळंच टिकतं असं मात्र नाही. पुणे सिटी गेला त्याच महिन्यात, २७ ऑगस्ट २०१९ला, ग्रेटर मँचेस्टरमधला बरी एफसी हा १८८५चा क्लब लीगमधून काढून टाकण्यात आला. आठ-नऊ महिन्यांपूर्वी स्टीव्ह डेल यांनी तो एका पौंडाला घेतला होता आणि त्याआधीच्या मालकाने झेपणार नाहीत असे पगार देऊन संघ उभा केला होता. हकालपट्टीच्या दिवशी सकाळी शेकडो लोक झाडू-बादल्या घेऊन गिग लेन मैदान साफ करायला आले होते. क्लब वाचणार आणि शनिवारी सामना होणार, या आशेवर. एक माजी संचालिका तर स्वतःला पाण्याच्या पाइपला साखळीने बांधून घेऊन बसली होती. रात्री निकाल लागला. पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं: लोक हटले नाहीत. काहींनी नवा क्लब काढला, दुसऱ्यांनी २०२२मध्ये जुनं मैदान ताब्यात घेतलं, २०२३मध्ये दोन्ही गट एक झाले आणि बरी पुन्हा गिग लेनवर खेळू लागला, अगदी खालच्या श्रेणीत, पण खेळू लागला. क्लबांच्या मालकांवर नजर ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने २०२५मध्ये केला, त्यामागे बरीचं उदाहरण सतत दिलं जात होतं.

पुण्यात कुणी झाडू घेऊन गेलं नाही. जाणार कुठे? बालेवाडीचं मैदान सरकारी, क्लबने ते भाड्याने घेतलेलं. क्लबचं नाव आणि चिन्ह कंपनीच्या मालकीचं. लीगमधली जागा लीगची. चाहत्यांकडे त्यांची घसा बसेपर्यंत ओरडण्याची तयारी सोडली तर काहीच नव्हतं. आपल्या दिवाळखोरी संहितेचं ५३वं कलम कंपनी मोडीत निघाली तर कुणाला आधी पैसे द्यायचे याची उतरंड सांगते: प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारणधारक बँका, मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, त्यानंतर सरकारी देणी, आणि अगदी तळाला भागधारक. तारापूरच्या एमआयडीसीत कंपनी बंद पडताना पाहिलेल्या कामगाराला या रांगेत आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असतं. दहा वर्षं संघामागे फिरलेल्या माणसाला या रांगेत पायरीच नाही.

चाहत्यांचा आवाज भारतात अगदीच वाया जातो असं नाही. तो कुठे चालतो, हे मात्र बघण्यासारखं आहे. कोलकात्यात २०२०मध्ये मोहन बागानचं फुटबॉल संजीव गोएंका यांच्या समूहाकडे गेलं, ८० टक्के मालकी त्यांची, आणि नावापुढे त्यांच्या आधीच्या क्लबचं 'एटीके' लागलं. चाहत्यांनी 'रिमूव्ह एटीके'चा धोशा तीन वर्षं सोडला नाही: फलक, मोर्चे, बहिष्कार. १८ मार्च २०२३ला संघाने गोव्यात करंडक जिंकला आणि त्याच रात्री गोएंकांनी एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. शेजारच्या ईस्ट बंगालमध्ये जुलै २०२१मध्ये गुंतवणूकदाराबरोबरच्या करारावरून चाहते क्लबबाहेर जमले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतले. वर्षभरात तो गुंतवणूकदारही गेला आणि नवा आला. या दोन्ही क्लबांमध्ये जुनी सभासद-संस्था अजून जिवंत आहे. सभासद, निवडणुका, तंबू, मैदान असं काहीतरी हातात असल्यामुळे मालकाला तिथे वाटाघाटी कराव्या लागतात. जर्मनीत १९९८पासून हाच मुद्दा नियमात बांधलेला आहे: मतांचे निम्म्याहून जास्त अधिकार सभासदांकडे राहिलेच पाहिजेत.

महाराष्ट्रात असं काही आहे का? कोल्हापुरात आहे, थोडंसं. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल या तालमी आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. संघाचा मालक असा कुणी नसतो. वर्गणी, देणगीदार, एखादा नेता, जुना खेळाडू अशी गोळाबेरीज असते. तिथे भांडणं होतात, दगडफेकीचीही उदाहरणं आहेत, नेत्यांच्या पैशाने स्पर्धांची बक्षिसं फुगली आहेत. तिथलं सगळं डोक्यावर घ्यावं असं नाही. पण एखादा देणगीदार रुसला म्हणून पाटाकडील तालीम बंद पडली, असं होत नाही. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

गोव्याचं उदाहरण मधलं आहे. धेंपो आणि साळगावकर हे खाणमालकांच्या पैशावर वाढलेले क्लब. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, २०१६मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. पण क्लब मोडले नाहीत. गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, पोरं घडवत राहिले आणि धेंपो २०२४मध्ये आय-लीगमध्ये परतला. छोटं घर राखून ठेवलं होतं, म्हणून परत यायला उंबरा मिळाला.

माकुणसारच्या त्या प्रेक्षकाच्या क्लबचं काय? २०१९मध्ये मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा आता ददात मिटली असंच सगळ्यांना वाटलं. अबू धाबीच्या तेलाचा पैसा, त्याला कोण हात लावणार! दोन लीग शील्ड आणि दोन करंडकही आले. मग २०२५ उजाडलं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, नव्याचं काही ठरेना, आणि जुलैत कंपनीने पुढचा हंगामच थांबवून ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार रोखले. डिसेंबरमध्ये करार संपला आणि त्याच महिन्यात सिटी ग्रुपने मुंबईतला हिस्सा मूळच्या मालकांकडे परत देऊन काढता पाय घेतला. जगातला सगळ्यात श्रीमंत फुटबॉल समूह, आणि चाहत्यांपर्यंत त्याची निरोपाची बातमी आली ती एका निवेदनाने. महिंद्राने २०१०मध्ये दिली होती तशीच.

पुण्याची ती जागाही एव्हाना आणखी फिरली आहे. हैदराबाद एफसीने २०२२मध्ये करंडक जिंकला, पुढच्याच वर्षी पगार थकू लागले, खेळाडू करार मोडून गेले, नवा मालक आला आणि २०२५मध्ये क्लब दिल्लीला हलवून त्याचं नाव बदलण्यात आलं. अकरा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली. तिन्ही शहरांत कुणीतरी जर्सी विकत घेतली होती.

ज्यांना अजूनही एखाद्या क्लबात जीव गुंतवायचा आहे, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही नोंदणीकृत कंपनीची दाखल कागदपत्रं शंभर रुपये भरून बघता येतात. क्लब चालवणारी कंपनी आणि तिला पैसा पुरवणारी कंपनी, दोन्हींचे ताळेबंद तिथे असतात. लेखापरीक्षकाचा अहवाल शोधावा आणि त्यात कंपनी पुढेही चालू राहील की नाही याबद्दल शंका व्यक्त करणारा परिच्छेद आहे का, ते बघावं. मग नवा स्ट्रायकर आला नाही म्हणून मालकाला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात.